‘काळच तसा होता’ म्हणण्याआधी

इरावती कर्वे म्हटले की मराठी वाचकाला ‘युगान्त’ आठवते, नाहीतर वारीवरचा तो लेख. कवट्या मोजणाऱ्या इरावतीबाई फारशा कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. विशीतले वय, मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्यांच्या हाताखाली नुकतेच झालेले एम.ए., नवरा दिनकर यांचा पाठिंबा आणि सासऱ्यांचा विरोध. सासरे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. स्त्रीशिक्षणासाठी उभे आयुष्य वेचलेला हा माणूस, पण सुनेने परदेशी जाऊन डॉक्टरेट करावी हे काही त्यांना पटले नाही. असो, तो वेगळ्याच लेखाचा विषय आहे.

बर्लिनच्या डाहलेम भागात ईनेश्ट्रासे नावाच्या रस्त्यावर २२ क्रमांकाची इमारत आहे. आज ती फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे. त्या काळी तिथे मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकी आणि सुप्रजाजननशास्त्र यांची कैसर विल्हेल्म संस्था होती. १९२७ च्या सप्टेंबरात उघडलेली, अगदी कोरी करकरीत. संचालक ऑयगेन फिशर. तेच इरावतीबाईंचे मार्गदर्शक.

फिशर यांनी दिलेला विषय वरवर निरुपद्रवी वाटेल असा होता: माणसाच्या कवटीची डावी आणि उजवी बाजू सारखी असते का? पण या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न होता. युरोपीय माणूस अधिक विचारी, अधिक तर्कशुद्ध; तेव्हा बुद्धीचे काम करणारा मेंदूचा भाग त्याच्यात एका बाजूला जास्त वाढलेला असणार; म्हणजे त्याची कवटीही इतरांपेक्षा जास्त असमान असणार, अशी ती मांडणी. उत्तर आधीच ठरलेले होते. विद्यार्थिनीने फक्त त्याला आकडे पुरवायचे होते.

कवटी मोजणे हे फार कंटाळवाणे काम आहे. दोन भुवयांच्या मधल्या उंचवट्यावर कॅलिपरचे एक टोक ठेवायचे, दुसरे मागच्या बाजूला सर्वांत दूर लागेल तिथे टेकवायचे; ही लांबी. मग कानांच्या वरच्या भागात सर्वांत जास्त भरेल ती रुंदी. रुंदीला शंभराने गुणून लांबीने भागले की कवटीचा निर्देशांक मिळतो. तो ७५ च्या खाली असेल तर कवटी लांबट, ८० च्या वर असेल तर रुंद. डाव्या-उजव्याची तुलना करायची तर याहून किचकट काम: आधी कवटीची मध्यरेषा ठरवायची आणि मग दोन्ही बाजूंच्या जोडीच्या खुणा त्या रेषेपासून किती लांब आहेत ते मिलिमीटरमध्ये टिपायचे. अशा दीडशेच्या आसपास कवट्या इरावतीबाईंनी मोजल्या. संस्थेच्या हाताशी असलेल्या संग्रहांतल्या कितीतरी कवट्या वसाहतींमधून आलेल्या होत्या. त्या कुणाच्या, कशा मिळाल्या, हे विचारायची पद्धत नव्हती.

निष्कर्ष असा निघाला की सगळ्याच माणसांच्या कवट्या थोड्याफार वाकड्या असतात आणि त्या वाकडेपणाचा वंशाशी काही संबंध नाही. प्रबंध १९३१ मध्ये जर्मनीत छापून आला. इरावतीबाईंची नात उर्मिला देशपांडे आणि मानवशास्त्रज्ञ थियागो पिंटो बार्बोसा यांनी २०२४ मध्ये ‘इरू’ हे इंग्रजी चरित्र लिहिले, त्यात हा प्रसंग विस्ताराने आला आहे. फिशर यांना हा निष्कर्ष रुचला नाही आणि गुणही बेताचेच पडले, असे चरित्रकारांचे म्हणणे आहे. पदवी मात्र मिळाली.

मला या गोष्टीत रस आहे तो एका वेगळ्या कारणासाठी. वंशवादाच्या चिखलात उतरलेल्या शास्त्रज्ञांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणते, ‘अहो, काळच तसा होता. आजच्या फूटपट्टीने त्यांना मोजू नका.’ हे अर्धे खरेही आहे. सुप्रजाजननाची हौस एकट्या नाझींची नव्हती. फ्रान्सिस गाल्टनने १८८३ मध्ये या विद्येचे बारसे केले आणि पुढच्या पन्नास वर्षांत डावे-उजवे, आस्तिक-नास्तिक, संततिनियमनवाले, सगळे तिच्या मागे लागले. ‘सदोष’ माणसांची नसबंदी करणारा पहिला कायदा १९०७ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने केला. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा कायद्यांवर शिक्कामोर्तब केले, आणि एकूण ६०,००० हून अधिक माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. स्वीडनमध्ये समाजवादी सरकारच्या काळातही हा कार्यक्रम चालू होता आणि सत्तरच्या दशकापर्यंत चालला. तेव्हा काळ तसा होता, हे कबूल. पण त्याच काळात, त्याच इमारतीत, त्याच गुरूच्या हाताखाली पुण्याहून आलेली एक विद्यार्थिनी कॅलिपर ठेवून सांगत होती की तुमच्या म्हणण्याला आकड्यांचा आधार नाही. काळाचा बचाव तिथे लंगडा पडतो.

आणि ती एकटी नव्हती. मूळचे जर्मन आणि अमेरिकेत स्थायिक झालेले फ्रान्झ बोआस यांनी १९११ च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या स्थलांतरितांची पाहणी प्रसिद्ध केली होती. जवळजवळ १८,००० माणसे मोजून त्यांनी दाखवले की डोक्याचा आकार, जो वंशाची अढळ खूण मानला जाई, तो एका पिढीतही बदलतो; अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची डोकी आईबापांसारखी राहत नाहीत. हे सगळे फिशर यांच्या वाचनात असणारच. तो त्यांचा विषयच होता.

फिशर यांचे स्वतःचे नाव कशामुळे झाले ते पाहण्यासारखे आहे. आजच्या नामिबियात, म्हणजे तेव्हाच्या जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेत, १९०४ ते १९०८ या काळात हेरेरो आणि नामा लोकांचा संहार झाला. शार्क बेटावरच्या छावणीत मेलेल्या कैद्यांची मुंडकी संशोधनासाठी जर्मनीला धाडली जात. कवट्यांवरचे मांस काचेच्या तुकड्यांनी खरवडून काढायचे काम कैदी बायकांना लावले जाई; काही वेळा ती त्यांच्याच माणसांची डोकी असत. बर्लिनच्या शारिते रुग्णालयाने त्यांतल्या २० कवट्या नामिबियाला परत दिल्या त्या २०११ मध्ये.

त्याच मुलखात १९०८ मध्ये फिशर रेहोबोथ या गावी पोचले. बोअर पुरुष आणि नामा बायका यांच्यापासून झालेली एक मिश्र जमात तिथे राहत होती. फिशर यांनी त्यांच्या वंशावळी लिहून घेतल्या, फोटो काढले, नाके, डोळे, केस टिपले. केसांचा रंग जुळवण्यासाठी त्यांनी स्वतःच एक साधन बनवले होते: धातूची लांबट पेटी आणि आत पिंगट, सोनेरी, तांबूस, काळ्या अशा ३० छटांचे क्रमांक घातलेले झुबके. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अशी एक पेटी जपून ठेवलेली आहे. पाहिली तर एखाद्या ब्यूटी पार्लरमधली वाटेल.

१९१३ मध्ये पुस्तक आले. मेंडेलचे वाटाण्यांवरचे नियम माणसालाही लागू पडतात हे दाखवणारे म्हणून त्याची वाहवा झाली. त्यातली गंमत, गंमत म्हणवत नाही खरे तर, अशी की फिशर यांच्या नोंदींप्रमाणे ही मिश्र माणसे धडधाकट होती, त्यांना भरपूर मुलेबाळे होती, ऱ्हासाची काही लक्षणे नव्हती. आणि तरीही पुस्तकाच्या शेवटी सल्ला असा की हे लोक आपल्यापेक्षा हीन असल्याने आपल्या उपयोगाचे असतील तोवर त्यांना जगण्यापुरते संरक्षण द्यावे, पुढे नाही. पुस्तकातल्या कुठल्याही कोष्टकातून हे वाक्य निघत नाही. ते लेखक घरूनच घेऊन आला होता. शास्त्रावर डाग पडतो तो बहुतेक वेळा अशा जागी, नोंद आणि निवाडा यांच्या मधल्या सांध्यात. म्हणूनच तो चटकन दिसत नाही. आकडे खरे असतात, मोजणी प्रामाणिक असते, तळटीपा जागच्या जागी असतात.

१९२१ मध्ये फिशर यांनी एर्विन बाउर आणि फ्रिट्झ लेन्झ यांच्यासह आनुवंशिकतेचे पाठ्यपुस्तक काढले. लान्ड्सबेर्गच्या तुरुंगात हिटलरने ते वाचले असे मानले जाते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. पक्षाचे सदस्यत्व त्यांनी बऱ्याच वर्षांनी घेतले. त्याआधी त्याची गरजच पडली नव्हती.

१९३३ च्याच १४ जुलैला आनुवंशिक रोगी संतती रोखण्याचा कायदा झाला. जन्मजात मतिमंदपणा, स्किझोफ्रेनिया, आनुवंशिक फेफरे, आंधळेपणा, बहिरेपणा, अतिमद्यपान अशा कारणांवरून माणसाची सक्तीने नसबंदी करता येऊ लागली. यासाठी खास न्यायालये होती: एक न्यायाधीश, दोन डॉक्टर. डॉक्टरांनी आपल्या पेशंटची माहिती कळवणे बंधनकारक. मतिमंदपणा ठरवायला छापील प्रश्नपत्रिका असे. जर्मनीची राजधानी कोणती, बिस्मार्क कोण होता, अमेरिका कुणी शोधली, नाताळ कधी असतो. शेतावर राबणाऱ्या, शाळा अर्धवट सुटलेल्या धडधाकट माणसांची यात दांडी उडे, आणि त्यावरून पक्षातच कुरबुर झाली. तरी १९४५ पर्यंत सुमारे ४,००,००० माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत पाच-सहा हजार दगावली, बहुतेक बायका, कारण बायकांचे पोट उघडावे लागे. ईनेश्ट्रासेच्या संस्थेत डॉक्टरांना या कामाचे प्रशिक्षण मिळे. पहिल्या महायुद्धानंतर ऱ्हाइनलँडमध्ये आलेल्या फ्रेंच सैन्यातल्या आफ्रिकी आणि आशियाई सैनिकांपासून जर्मन बायकांना झालेल्या सुमारे ४०० मुलांची १९३७ मध्ये गुपचूप नसबंदी करण्यात आली. त्याला तर नाझी कायद्याचाही आधार नव्हता. वांशिक दाखले द्यायला फिशर आणि त्यांचे सहकारी होते.

१९४२ मध्ये फिशर निवृत्त झाले आणि ऑटमार फॉन फेरशुअर त्या खुर्चीत बसले. जुळ्यांवरच्या संशोधनात मोठे नाव. संस्थेतल्या या कामाला पूर्वी अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशननेही पैसे दिले होते. फेरशुअर यांचा लाडका शिष्य योझेफ मेंगेले १९४३ मध्ये आउशवित्सला रुजू झाला आणि तिथून रक्ताचे नमुने बर्लिनला येऊ लागले. संस्थेतल्या कारिन मॅग्नुसेन या संशोधिकेला दोन वेगळ्या रंगांच्या डोळ्यांमध्ये रस होता. त्यासाठी एका सिंती कुटुंबातल्या माणसांचे डोळे आले. मेंगेलेबद्दल सगळ्यांना माहीत आहे, म्हणून इथे थांबतो. मेंगेलेला राक्षस म्हणून मोकळे झालो की पार्सल उघडणारे, लेबल लावणारे, निबंध लिहिणारे सभ्य हात सुटून जातात.

ते सुटलेच. फेरशुअर यांना युद्धानंतर ६०० मार्क दंड झाला. १९५१ मध्ये ते म्युन्स्टर विद्यापीठात मानवी आनुवंशिकीचे प्राध्यापक झाले. लेन्झ यांना ग्यॉटिंगेनला जागा मिळाली. फिशर यांना १९५२ मध्ये जर्मन मानवशास्त्र परिषदेने सन्माननीय सदस्य केले, आणि ते १९६७ मध्ये वयाच्या ९३ व्या वर्षी वारले. कैसर विल्हेल्म संस्थांचा वारसा चालवणाऱ्या माक्स प्लांक सोसायटीने माफी मागितली ती २००१ मध्ये.

मग २०१४ मध्ये त्याच ईनेश्ट्रासेवर, फ्री युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयाजवळ खोदकाम चालू असताना हाडे लागली. पुढच्या दोन वर्षांत पुरातत्त्वज्ञांनी काळजीपूर्वक खणून सुमारे १६,००० तुकडे बाहेर काढले. लहान मुलांचीही होती. काही वसाहतींतल्या संग्रहातली असणार. काही नाझी काळातली असण्याची शक्यता नाकारता येत नव्हती. आता काय करायचे? डीएनए तपासून कोण कुठला हे काढता आले असते. ज्यू, सिंती आणि रोमा, तसेच आफ्रिकी वंशाच्या समाजांच्या संघटनांशी बोलून विद्यापीठाने ठरवले की तपासणी करायची नाही. हाडांची पुन्हा वंशवार वाटणी करणे म्हणजे संस्थेचेच अर्धवट काम पुरे करणे झाले असते. २३ मार्च २०२३ रोजी डाहलेमच्या स्मशानभूमीत सगळी हाडे एकत्र पुरली. संशोधनाला ‘नाही’ म्हणणारे विद्यापीठ क्वचित पाहायला मिळते.

हा निर्णय मला पटतो. पण प्रत्येक वेळी उत्तर इतके सरळ नसते.

व्हिएन्नाचे शरीररचनाशास्त्रज्ञ एडुआर्ड पेर्नकोप्फ यांचा ॲटलास घ्या. नसा, स्नायू, आवरणे यांची चित्रे इतकी बारीक आणि इतकी सुंदर की आजही काही सर्जन अवघड शस्त्रक्रियेआधी तो उघडतात. पेर्नकोप्फ कट्टर नाझी होते आणि १९३८ नंतर त्यांनी आपल्या विद्याशाखेतून ज्यू सहकाऱ्यांना हाकलले. एरिख लेपियर या चित्रकाराने आपल्या सहीच्या शेपटात स्वस्तिक काढले. फ्रान्झ बाट्के याच्या सहीत एसएसच्या दोन विजा आहेत. पुढच्या आवृत्त्यांमध्ये प्रकाशकांनी या खुणा हळूच पुसून टाकल्या आणि वर्षानुवर्षे विद्यार्थी त्यावरून शिकत राहिले. नव्वदच्या दशकात चौकशी झाली तेव्हा उघड झाले की नाझी काळात देहदंड दिलेल्या किमान १,३७७ जणांची प्रेते या विभागाकडे आली होती. चित्रांतली माणसे त्यांतलीच असू शकतात. मग हे पुस्तक जाळायचे? पुढे रब्बी जोसेफ पोलक यांनी, जे स्वतः लहानपणी छळछावणीतून वाचले, धर्मशास्त्राच्या आधारे मत दिले: एखाद्याचा जीव वा अवयव वाचत असेल तर वापरा, पण चित्र कुठून आले हे पेशंटला सांगून. मला यातली अट महत्त्वाची वाटते. लपवून वापरणे आणि सांगून वापरणे यांत फार अंतर आहे, आणि स्वस्तिक पुसणाऱ्या प्रकाशकांनी दोन्हींतले वाईट ते निवडले होते.

रोगांच्या नावांचे त्यामानाने सोपे. ‘रायटर्स सिंड्रोम’ हे नाव ज्यांच्यावरून पडले ते हान्स रायटर नाझी सरकारच्या आरोग्य खात्याचे प्रमुख होते आणि बूखेनवाल्डच्या छावणीतल्या कैद्यांवरच्या लसप्रयोगांशी त्यांचा संबंध होता. आता ‘रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस’ म्हणतात, आणि ते नाव रोगाबद्दल काहीतरी सांगते तरी. ‘वेगनर्स’ या आजाराचे नावही २०११ मध्ये बदलले. मेंदूच्या एका दुर्मीळ आजाराला हालरफोर्डन आणि स्पात्झ यांची नावे होती. हालरफोर्डन यांनी सरकारी योजनेत मारलेल्या मनोरुग्णांचे शेकडो मेंदू अभ्यासासाठी घेतले होते. हान्स आस्पेर्गर यांचे प्रकरण अजून धुमसते आहे. व्हिएन्नाच्या या बालरोगतज्ज्ञाने काही मुलांना श्पीगेलग्रुंड या संस्थेत पाठवण्याच्या शिफारशी केल्या, हे २०१८ मध्ये कागदपत्रांनिशी पुढे आले. तिथे ७८९ मुले मेली किंवा मारली गेली. पण ‘आस्पर्जर’ हे नाव आज कित्येक जण स्वतःची ओळख म्हणून आपुलकीने वापरतात. त्यांच्या तोंडून ते काढून घेणारे आपण कोण?

आणि सर्वांत अवघड वारसा तर बी.ए., बी.कॉम.च्या वर्गातच बसलेला आहे. रिग्रेशन गाल्टनचे, काय-स्क्वेअर कार्ल पिअर्सनचे, व्हेरिअन्सचे पृथक्करण रोनाल्ड फिशरचे. (हा इंग्रज फिशर वेगळा, ऑयगेनशी नात्याचा नव्हे, पण सुप्रजाजननाचा कैवारी तोही.) १९२५ मध्ये पिअर्सन यांनी एका सहकारिणीसह लंडनमधल्या स्थलांतरित ज्यू मुलांची मोजदाद छापली आणि ही मुले सरासरीने कमअस्सल आहेत असे ठरवले. २०२० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने गाल्टन आणि पिअर्सन यांची नावे आपल्या इमारतींवरून काढली. ठीकच केले. इमारतीला नाव देणे हा सन्मान असतो, आणि सन्मान परत घेता येतो. काय-स्क्वेअर परत घेता येत नाही, घेण्याचे कारणही नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या मोजमापांवर १९२२ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातूनच पुढे ‘महालनोबिस अंतर’ हे त्यांचे प्रसिद्ध सूत्र जन्मले. विषय तोच, मिश्र रक्ताची माणसे. आज ते सूत्र बँकेतले संशयास्पद व्यवहार हुडकायलाही उपयोगी पडते.

आपल्याकडे नाक मोजायला हर्बर्ट रिस्ली आले होते. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा सिद्धांत, आणि १९०१ च्या जनगणनेवर त्याची छाप होती. मुंबई विद्यापीठाच्या गोविंद सदाशिव घुर्यांनी १९३२ मध्ये त्यातल्या त्रुटी दाखवल्या. बाबासाहेब आंबेडकरांनी तर रिस्लीच्या परंपरेची काठी त्या परंपरेवरच उगारली. अस्पृश्यांच्या मूळ शोधावरच्या १९४८ च्या पुस्तकात त्यांनी नाकाची मापेच पुढे ठेवली आणि सांगितले की मापांवर विश्वास ठेवायचा तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. त्याआधी, १९३६ च्या जातिनिर्मूलनावरच्या भाषणात, त्यांनी सुप्रजाजननाच्या नावाखाली जातीचे समर्थन करणाऱ्यांची बिनतोड उलटतपासणी घेतली होती: बीज शुद्ध राखण्यासाठी जात असेल, तर सहभोजनाला बंदी कशाला? जेवणाने रक्त कसे बिघडते?

ही उलटतपासणी हवेतल्या शत्रूची नव्हती. मुंबई-पुण्याच्या सुशिक्षितांत सुप्रजाजनन ही तेव्हा पुढारलेपणाची खूण होती. कादंबरीकार म्हणून गाजलेल्या ना. सी. फडक्यांनी १९२७ मध्ये भारतात या चळवळीची गरज सांगणारे इंग्रजी पुस्तक लिहिले, त्याला मार्गारेट सँगरची प्रस्तावना होती. १९३४ पासून मुंबईतून ‘मॅरेज हायजीन’ हे नियतकालिक निघे. स्त्रीची सुटका, संततिनियमन आणि ‘नालायकांची’ पैदास थांबवणे हे सगळे एकाच टोपलीत असे. वेचून घेणे ज्याच्या त्याच्या वकुबावर.

इरावतीबाईंनीही कॅलिपर फेकून दिला नाही, हे सांगितले पाहिजे. डेक्कन कॉलेजात त्या वर्षानुवर्षे महाराष्ट्रातल्या जातीजमातींची मापे घेत हिंडल्या, वि. म. दांडेकरांबरोबरचा त्यांचा ग्रंथ १९५१ चा. एकाच वर्णातल्या पोटजातीदेखील मापांत एकमेकींशी जुळत नाहीत, तेव्हा एका समाजाचे तुकडे होऊन जाती झाल्या नसून वेगवेगळे गट शेजारी येऊन बसले, असे त्यांचे मत झाले. त्यावर वाद झाले, होतात. मला खुपते ते वेगळेच: फिशरला नाही म्हणणारी ही तीक्ष्ण बुद्धी माणसांना गटवार मोजण्याच्या मूळ सवयीवर तितकी कधीच उलटली नाही. बर्लिनमध्ये त्यांनी उत्तर नाकारले, प्रश्न ठेवून घेतला.

नाझी पडले म्हणून हा विचार गेला असे समजायचे कारण नाही. त्याला नुसते शास्त्राचे नाव राहिले नाही. १९९४ च्या फेब्रुवारीत पुण्यात, शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये ससून रुग्णालयात काढण्यात आली. वंशशुद्धीचा कुणी उच्चारही केला नाही. कारण दिले ते स्वच्छतेचे: मुलींना पाळीच्या दिवसांत स्वतःची काळजी घेता येत नाही, कर्मचारी पुरत नाहीत. डॉक्टर नावाजलेले, हेतू सेवेचा. यादीतल्या सगळ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या नाहीत, कारण स्त्री संघटनांनी आणि अपंगांसाठी काम करणाऱ्यांनी तेव्हाच्या तेव्हा आवाज उठवला आणि शासनाला थांबावे लागले.

२००९ मध्ये चंदीगडच्या सरकारी आश्रमातल्या एका मतिमंद, बलात्कारित तरुणीचा गर्भपात तिच्या इच्छेविरुद्ध करावा का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने नको म्हटले आणि निकालपत्रात सुप्रजाजननाच्या सिद्धांताचा नावानिशी उल्लेख करून तो समानतेच्या हक्काविरुद्ध असल्याचे नोंदवले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम १० आहे: अपंग व्यक्तीच्या स्वतःच्या, माहिती घेऊन दिलेल्या संमतीशिवाय मूल होण्याची शक्ती घालवणारा कुठलाही उपचार करता येणार नाही. तीव्र अपंगत्व असलेल्या स्त्रीच्या गर्भपातापुरती मात्र याच कायद्याच्या शिक्षेच्या कलमात पालकाच्या संमतीची आणि डॉक्टरांच्या मताची पळवाट आहे. फॉर्मवरच्या सहीची रेघ तिथे अजून दुसऱ्याच कुणासाठी आखलेली असते.